रिपोर्ट ‘नॉर्मल’ आहे, पण धमन्यांचं काय?

वार्षिक तपासणी झाली की एक-दोन दिवसांत फोनवर सूचना येते: तुमचे रिपोर्ट आले आहेत. तुम्ही अ‍ॅप उघडता, कोलेस्टेरॉलच्या चार ओळींवरून नजर फिरवता, कुठे लाल खूण नाही ना एवढं बघता आणि अ‍ॅप बंद करता. विषय पुढच्या वर्षीपर्यंत मिटला. पण त्या चार ओळींनी तुम्हाला नक्की काय सांगितलं? तुमच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या आतून स्वच्छ आहेत, असं सांगितलं का?

तसं त्यांनी सांगितलेलं नाही. रक्ताची कोणतीही चाचणी धमनीच्या आत डोकावून बघत नाही. धमनी खराब करणारे घटक तुमच्या रक्तात किती आहेत, किंवा शरीरात काही बिघडत असल्याच्या खुणा दिसतात का, एवढंच ती सांगू शकते. हा फरक लक्षात ठेवला, तर अलीकडे चर्चेत असलेल्या नव्या चाचण्यांपैकी कुठल्या कामाच्या आणि कुठल्या नाहीत, हे ठरवणं सोपं होतं. आणि अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी हा प्रश्न जरा जास्तच जवळचा आहे.

आजार सुरू कधी होतो?

हृदयविकार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पन्नाशी-साठीतला माणूस येतो. या समजुतीला पहिला मोठा धक्का १९५३ मध्ये बसला. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांच्या हृदयांची तपासणी लष्करातल्या डॉक्टरांनी केली. या सैनिकांचं सरासरी वय होतं सुमारे २२. धडधाकट, कवायत करणारी मुलं. तरीही त्यांतल्या ७७.३ टक्के जणांच्या हृदयाच्या धमन्यांमध्ये आजाराच्या खुणा नुसत्या डोळ्यांनी दिसत होत्या. काहींमध्ये नुसता पातळ थर, तर काही थोड्या जणांमध्ये एखादी धमनी जवळजवळ बंद.

म्हणजे हृदयविकाराचा झटका एका दिवसात येत असला, तरी त्याची तयारी वीस-तीस वर्षं चाललेली असते. ती अशी: रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे सूक्ष्म कण धमनीच्या आतल्या अस्तरातून पलीकडे झिरपतात. बरेचसे परत बाहेर पडतात, काही तिथेच अडकतात. अडकलेल्या कणांमध्ये रासायनिक बदल होतात आणि ते शरीराला परके वाटू लागतात. मग त्यांना गिळायला भक्षक पेशी येतात, चरबी खाऊन फुगतात आणि तिथेच मरतात. शरीर या ढिगाऱ्यावर तंतूंचं झाकण घालतं, पुढे त्यात कॅल्शियम साचतं. हा झाला थर, म्हणजे ‘प्लाक’. झाकण मजबूत असेल तर माणूस वर्षानुवर्षं काही न जाणवता जगतो. झाकण फाटलं, की तिथे रक्ताची गुठळी होते आणि काही मिनिटांत धमनी बंद पडते.

या सगळ्या प्रक्रियेत दुखत काहीच नाही. ट्रेडमिल चाचणीसुद्धा धमनी बरीच अरुंद झाल्याशिवाय सहसा बिघडत नाही. म्हणून शास्त्रज्ञ रक्तात खुणा शोधत राहिले.

मोजणाऱ्यांच्या यादीत आपण नव्हतो

कोलेस्टेरॉल, रक्तदाब आणि धूम्रपान यांचा हृदयविकाराशी संबंध आहे हे आज आपल्याला गृहीत वाटतं. ते कळलं मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रॅमिंगहॅम गावामुळे. १९४८ मध्ये तिथल्या ५,२०९ रहिवाशांची नोंदणी झाली आणि पुढे दशकानुदशकं त्यांच्या तब्येतीचा माग ठेवला गेला. ‘दहा वर्षांत झटका येण्याची शक्यता अमुक टक्के’ असं जे गणित तुमचा डॉक्टर संगणकावर करतो, त्याचा उगम तिथलाच. पण ते गाव जवळजवळ पूर्णपणे गोरं होतं. पुढे २००० साली ‘मेसा’ नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात गोरे, कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि चिनी वंशाचे मिळून ६,८१४ लोक घेतले. भारतीय उपखंडातले लोक त्यातही नव्हते.

ही उणीव भरून काढण्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या डॉ. अलका कनाया आणि शिकागोच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या डॉ. नम्रता कांडुला यांनी एक अभ्यास उभा केला. त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवली की होतं ‘मसाला’. २०१० ते २०१३ या काळात बे एरिया आणि शिकागो इथल्या ४० ते ८४ वयाच्या, हृदयविकार नसलेल्या ९०६ दक्षिण आशियाई लोकांची त्यात नोंद झाली. तपासण्या मुद्दाम ‘मेसा’सारख्याच ठेवल्या, म्हणजे तुलना करता यावी.

निष्कर्ष विचार करायला लावणारे होते. वयाचा फरक वजा केल्यावर आपल्या लोकांत मधुमेहाचं प्रमाण २३ टक्के निघालं, गोऱ्यांमध्ये ते ६ टक्के होतं. हृदयाच्या धमन्यांतलं कॅल्शियम आपल्या पुरुषांमध्ये गोऱ्या पुरुषांइतकं होतं, बाकीच्या तिन्ही गटांतल्या पुरुषांपेक्षा जास्त. त्याआधी, ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासाने २००७ मध्ये आणखी एक आकडा दिला होता: पहिला झटका येण्याचं सरासरी वय दक्षिण आशियात ५३, तर इतर देशांत ५८.८. जवळजवळ सहा वर्षं आधी. पन्नाशीतली ती सहा वर्षं म्हणजे मुलांच्या कॉलेजची आणि घराच्या हप्त्यांची वर्षं.

असं का, याचा एक धागा पुण्यात सापडतो. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच एक फोटो छापला. दोघेही शेजारी उभे, दोघांचाही बीएमआय २२.३, म्हणजे तक्त्यानुसार दोघेही उत्तम. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपण दिसतो बारीक, पण आतून तितके बारीक नसतो. ही चरबी पोटात आणि यकृतात साचली की इन्सुलिनचं काम बिघडतं, ट्रायग्लिसराइड वाढतात, एचडीएल घटतं आणि मग कोलेस्टेरॉलचा नेहमीचा रिपोर्ट फसवा होतो. कसा, ते बघू. त्याआधी एक महत्त्वाचा फरक.

गुन्हेगार, साक्षीदार आणि बघे

चौकात अपघात झाला की तिथे तीन प्रकारची माणसं सापडतात: ज्याने धडक दिली तो, ज्याने ती पाहिली तो, आणि नंतर गर्दी करणारे बघे. रक्तातल्या निदर्शकांचंही असंच आहे. आजारी माणसांच्या रक्तात एखादी गोष्ट वाढलेली दिसली, एवढ्यावरून ती आजाराचं कारण ठरत नाही.

हे ओळखायच्या दोन कसोट्या आहेत. एक, औषधाने ती गोष्ट कमी करून बघायची आणि झटके कमी होतात का ते मोजायचं. दुसरी कसोटी निसर्गाने स्वतःच घेतलेली असते. काही लोकांना जन्मतःच असं जनुक मिळतं, की ती गोष्ट त्यांच्या रक्तात आयुष्यभर जास्त किंवा कमी राहते. अशा लोकांमध्ये हृदयविकाराचं प्रमाणही त्याच दिशेने बदललं, तर ती गोष्ट गुन्हेगार. बदललं नाही, तर साक्षीदार किंवा बघ्या.

एलडीएलच्या बाबतीत दुसऱ्या कसोटीचा निकाल टेक्ससमधल्या डॅलसहून आला. हेलन हॉब्ज आणि जोनाथन कोहेन यांना काही कृष्णवर्णीय अमेरिकन लोकांमध्ये ‘पीसीएसके-९’ या जनुकाची निकामी प्रत सापडली. त्यामुळे त्यांचं एलडीएल जन्मापासून २८ टक्के कमी होतं. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार त्यांच्यात हृदयविकार ८८ टक्के कमी होता. साठीला गोळी सुरू करून एलडीएल तेवढंच खाली आणलं, तर एवढा फायदा मिळत नाही. धमनीचा हिशेब चक्रवाढ व्याजाचा आहे: आकडा किती, याबरोबरच तो किती वर्षं तसा राहिला, हेही मोजलं जातं. लवकर ओळखण्याचं महत्त्व यातच आहे.

अ‍ॅपो-बी: भाजी तोलू नका, डबे मोजा

आता नेहमीच्या रिपोर्टातल्या एलडीएलकडे वळू. हा आकडा म्हणजे त्या कणांमध्ये भरलेल्या कोलेस्टेरॉलचं वजन. अनेक वर्षं तर तो थेट मोजलाही जात नसे. १९७२ च्या फ्रीडवाल्ड यांच्या सूत्राने तो काढत: एकूण कोलेस्टेरॉल वजा एचडीएल वजा ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा. अनेक प्रयोगशाळा आजही हे सूत्र किंवा त्याची सुधारित रूपं वापरतात.

मुंबईचे डबेवाले आठवा. तुम्हाला जिन्यात किती गर्दी होईल याचा अंदाज घ्यायचा आहे. त्यासाठी सगळ्या डब्यांतल्या भाजीचं वजन करून काय उपयोग? डबे किती आहेत ते मोजायला हवं. धमनीच्या अस्तरात घुसतो तो अख्खा कण, म्हणजे डबा. जितके डबे जास्त, तितके अडकण्याचे प्रसंग जास्त. आणि सोय अशी, की प्रत्येक डब्याच्या झाकणावर जशी एकच खूण असते, तसं या प्रत्येक घातक कणावर ‘अ‍ॅपोलिपोप्रोटीन-बी’ नावाच्या प्रथिनाचा बरोबर एकच रेणू असतो. अ‍ॅपो-बी मोजलं की कण मोजले गेले.

बहुतेकांच्या बाबतीत भाजीचं वजन आणि डब्यांची संख्या जुळतात. पण समजा दोघांचंही एलडीएल ११० आहे. पहिल्याचे ट्रायग्लिसराइड ८० आणि एचडीएल ५५. दुसऱ्याचे ट्रायग्लिसराइड २१० आणि एचडीएल ३६. दुसऱ्याच्या प्रत्येक कणात कोलेस्टेरॉल कमी असण्याची शक्यता मोठी, म्हणजे तेच ११० भरायला त्याला कण जास्त लागतात. लहान डबे, पण खूप डबे. त्याच्या रिपोर्टावर एलडीएलपुढे लाल खूण येणार नाही, तरी धोका पहिल्यापेक्षा जास्त. आणि हा दुसरा नमुना, म्हणजे जास्त ट्रायग्लिसराइड आणि कमी एचडीएल, आपल्या लोकांत सर्रास आढळतो.

अमेरिकन हृदयरोग संघटनांच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेनुसार अ‍ॅपो-बी १३० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त असेल, तर तो धोका वाढवणारा घटक धरतात. याच मार्गदर्शिकेने दक्षिण आशियाई वंश हासुद्धा धोका वाढवणारा घटक म्हणून नोंदवला आहे. डॉक्टरांशी बोलताना हे वाक्य उपयोगी पडतं.

एलपी (ए): जन्मतःच ठरलेला आकडा

१९६३ मध्ये नॉर्वेचे कोरे बर्ग यांना रक्तात एलडीएलसारखाच, पण थोडा वेगळा कण सापडला. त्याचं नाव लिपोप्रोटीन (ए). हा म्हणजे एलडीएलचाच कण, पण त्याला एक लांब प्रथिनाची शेपटी चिकटलेली. १९८७ मध्ये त्या शेपटीची रचना कळली आणि सगळे चकित झाले. आपल्या शरीरात गुठळ्या विरघळवणारं ‘प्लास्मिनोजेन’ नावाचं प्रथिन असतं, त्याच्याशी तिचं फार साम्य होतं. शेपटीत वेटोळ्यांचे तुकडे एकापुढे एक जोडलेले असतात, चकलीच्या वेढ्यांसारखे. हे वेढे किती, ते आई-वडिलांकडून आलेल्या जनुकांवर ठरतं. वेढे कमी असतील तर यकृत असे कण भराभर बनवतं आणि रक्तात ते जास्त होतात.

आहार, व्यायाम, वजन यांचा या आकड्यावर फारसा परिणाम होत नाही. लहानपणी जो ठरला, तो जवळपास आयुष्यभर तोच. म्हणून बहुतेकांना ही चाचणी एकदाच पुरते. जगातल्या साधारण दर पाच माणसांत एकाचा आकडा जास्त असतो. ब्रिटनच्या ‘यूके बायोबँक’मध्ये गोऱ्यांचा मध्य आकडा १९ नॅनोमोल प्रति लिटर, दक्षिण आशियाई लोकांचा ३१ आणि कृष्णवर्णीयांचा ७५ निघाला. जनुकांच्या कसोटीवर हा पक्का गुन्हेगार ठरला आहे. झटक्याशिवाय हृदयाची महाधमनीची झडप आकसण्याशीही त्याचा संबंध आहे.

५० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा १२५ नॅनोमोल प्रति लिटर याच्या वर आकडा असेल, तर अमेरिकेत तो धोकादायक धरतात. इथे एक सावधगिरी हवी. तुमचा रिपोर्ट नॅनोमोलमध्ये आणि पुण्यातल्या भावाचा मिलिग्रॅममध्ये असेल, तर सरळ गुणाकार करून तुलना करू नका. शेपटीची लांबी माणसागणिक बदलते, त्यामुळे वजनावरून कणांची संख्या अचूक काढता येत नाही.

“औषधच नाही तर मोजून काय करायचं?” हा प्रश्न तुम्हाला डॉक्टरांकडूनही ऐकायला मिळेल. स्टॅटिनने एलपी (ए) कमी होत नाही, हे खरं आहे. एलपी (ए) फार मोठ्या प्रमाणात कमी करणारी नवी इंजेक्शनं आली, आणि त्यांतल्या पेलाकार्सेनची चाचणी आठ हजारांहून अधिक रुग्णांवर हाती घेण्यात आली. पण औषधाविनाही या आकड्याचा उपयोग आहे. तो जास्त असेल तर बाकीच्या गोष्टींत, म्हणजे एलडीएल, रक्तदाब, साखर आणि तंबाखू यांत, सवलत द्यायची नाही. युरोपच्या २०१९ च्या आणि अमेरिकेच्या राष्ट्रीय लिपिड संघटनेच्या २०२४ च्या शिफारशींनुसार प्रत्येक प्रौढाने ही चाचणी आयुष्यात एकदा तरी करावी.

सीआरपी: खरा साक्षीदार

१९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन सापडलं. शरीरात कुठेही दाह असला की यकृत ते बनवतं. फार सूक्ष्म प्रमाणातही ते मोजणारी संवेदनशील चाचणी म्हणजे एचएस-सीआरपी. बॉस्टनच्या पॉल रिडकर यांनी १९९७ मध्ये दाखवलं, की वरवर निरोगी पुरुषांपैकी ज्यांचं सीआरपी सर्वांत वरच्या चौथ्या भागात होतं, त्यांना पुढे झटका येण्याचं प्रमाण सर्वांत खालच्या भागातल्यांच्या सुमारे तिप्पट होतं.

मग सीआरपी गुन्हेगार आहे का? जनुकांची कसोटी लावली तर उत्तर ‘नाही’ असं येतं. ज्यांचं सीआरपी जन्मतःच जास्त, त्यांना हृदयविकार जास्त होत नाही. पण धमनीतला दाह मात्र गुन्ह्यात सामील आहे. २०१७ च्या ‘कँटोस’ चाचणीत झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांवर कॅनाकिनुमॅब हे दाह कमी करणारं औषध तपासलं. एलडीएलला हात न लावताही पुढचे झटके आणि तत्सम घटना सुमारे १५ टक्क्यांनी घटल्या. दुसरीकडे जीवघेणे जंतुसंसर्ग थोडे वाढले, त्यामुळे हे औषध हृदयासाठी वापरात आलं नाही.

सीआरपी १ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली असेल तर उत्तम, ३ च्या वर असेल तर धोका जास्त. पण हा साक्षीदार थोडा बडबड्या आहे. सर्दी, दाढेचं दुखणं, सांधेदुखी, कशानेही तो ओरडतो. १० च्या वर आकडा आला तर बहुधा कुठेतरी संसर्ग आहे. तेव्हा आजारी असताना ही चाचणी करू नये, आणि आकडा जास्त आला तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करावी.

या तीन प्रकारच्या चाचण्या एकत्र किती सांगतात? २०२४ मध्ये रिडकर आणि सहकाऱ्यांनी २७,९३९ अमेरिकन स्त्रियांचा तीस वर्षांचा हिशेब मांडला. सुरुवातीला फक्त एकदा रक्त घेतलं होतं. सर्वांत वरच्या पाचव्या भागातल्या स्त्रियांना सर्वांत खालच्या भागाच्या तुलनेत धोका एलडीएलमुळे ३६ टक्के, सीआरपीमुळे ७० टक्के आणि एलपी (ए) मुळे ३३ टक्के जास्त निघाला. आपल्या घरांत ‘हार्टचं’ म्हटलं की आधी पुरुषांकडे बघतात. हा अभ्यास पूर्णपणे स्त्रियांचा आहे, एवढं ध्यानात ठेवा.

होमोसिस्टीन: गर्दीतला बघ्या

भारतातून आई-वडील येतात तेव्हा त्यांच्या फाइलमध्ये हमखास एक चाचणी असते: होमोसिस्टीन. तिची कहाणी ऐकण्यासारखी आहे. १९६९ मध्ये किल्मर मॅककली यांनी एका दुर्मीळ आजारात मुलांच्या रक्तात होमोसिस्टीन प्रचंड वाढलेलं आणि धमन्या खराब झालेल्या पाहिल्या. पुढे अनेक अभ्यासांत हृदयरुग्णांमध्ये ते वाढलेलं दिसलं. ते कमी करायला तर स्वस्त जीवनसत्त्वं पुरतात: फॉलिक अ‍ॅसिड, बी-६ आणि बी-१२. पण २००६ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. होमोसिस्टीन उतरलं, झटके मात्र उतरले नाहीत. औषधाची कसोटी नापास.

आपल्यासाठी तरीही हा आकडा निरर्थक नाही. डॉ. याज्ञिकांच्या गटाने पुणे आणि परिसरातले ४४१ पुरुष तपासले, तेव्हा ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी आणि ५८ टक्क्यांमध्ये होमोसिस्टीन जास्त निघालं. शाकाहारी असाल किंवा मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेत असाल, तर बी-१२ जरूर तपासा. कमी असेल तर मज्जातंतूंसाठी आणि रक्तासाठी ते घ्यायलाच हवं. फक्त ते घेतल्याने हृदयाची काळजी मिटली, असं समजू नका.

एचडीएलचंही थोडं असंच झालं. ‘चांगलं कोलेस्टेरॉल’ म्हणून त्याचं कौतुक झालं. पण ते वाढवणाऱ्या टॉर्सेट्रापिब या औषधाची मोठी चाचणी डिसेंबर २००६ मध्ये थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जास्त झाले. एचडीएल कमी असणं ही धोक्याची खूण आहे, पण ते ओढूनताणून वाढवणं हा इलाज नाही.

शंभर चाचण्यांचं पॅकेज घ्यावं का?

सध्या इथे काहीशे डॉलरमध्ये शंभर-शंभर निदर्शक मोजून देणाऱ्या कंपन्यांच्या जाहिराती दिसतात. घेण्याआधी एक गणित करा. बऱ्याच चाचण्यांची ‘नॉर्मल’ मर्यादा अशी ठरवतात, की निरोगी लोकांपैकी ९५ टक्के आत येतात. म्हणजे अगदी ठणठणीत माणसाचाही प्रत्येक चाचणीत बाहेर जाण्याचा संभव ५ टक्के. अशा एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या केल्या, तर निदान एक तरी लाल येण्याची शक्यता ६४ टक्के. शंभर केल्या, तर ९९ टक्क्यांहून जास्त. मग त्या लाल आकड्यामागे आणखी चाचण्या, आणखी बिलं आणि रात्रीची झोप उडणं. चाचणीचं उत्तर काहीही आलं तरी तुम्ही वेगळं काही करणार नसाल, तर ती चाचणी बहुतेक वेळा नको.

रक्त थांबतं तिथे चित्र

रक्ताच्या चाचण्या कारणं सांगतात. आजार खरोखर झाला आहे का, हे बघायला चित्र लागतं. ट्रायग्लिसराइड २१० असलेल्या त्या दुसऱ्या माणसाच्या धमन्या कदाचित अजून चांगल्या असतील, कदाचित नसतील. आर्थर अ‍ॅगॅटस्टन आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये एक सोपी पद्धत दिली: सीटी स्कॅनवर हृदयाच्या धमन्यांतलं कॅल्शियम मोजायचं. इंजेक्शन नाही, काही मिनिटांचं काम. अनेकदा विमा याचे पैसे देत नाही, तेव्हा आधी विचारून घ्या. आकडा शून्य आला तर नजीकच्या काही वर्षांत झटक्याचा धोका कमी. शंभर किंवा जास्त आला तर बहुतेक डॉक्टर स्टॅटिन सुचवतात.

पण याचीही मर्यादा आहे. कॅल्शियम साचतं ते उशिरा. पस्तिशीत शून्य येणं स्वाभाविक आहे, त्याचा अर्थ मऊ थर नाहीत असा होत नाही. म्हणजे तरुण वयात रक्ताचे आकडे जास्त बोलतात आणि मध्यम वयात चित्र जास्त बोलतं.

डॉक्टरांकडे जाताना

दहा वर्षांच्या धोक्याच्या गणितात वयाचं वजन इतकं असतं, की अडतिसाव्या वर्षी उत्तर जवळजवळ नेहमीच ‘कमी’ येतं. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२३ मध्ये आणलेल्या ‘प्रिव्हेंट’ या गणितात वंश विचारत नाहीत, पण त्यात साठीच्या आतल्यांना तीस वर्षांचा धोकाही काढता येतो. तो काढून मागा. त्यात एलपी (ए) किंवा अ‍ॅपो-बी धरलेलं नसतं, तेव्हा त्या दोन्ही चाचण्या वेगळ्या मागाव्या लागतात. पुढच्या तपासणीला एवढं बोललात तरी पुरे:

– माझा वंश दक्षिण आशियाई आहे, घरात अमक्याला अमुक वयात झटका आला होता.
– एलपी (ए) आयुष्यात एकदा तपासायचं आहे.
– ट्रायग्लिसराइड जास्त किंवा एचडीएल कमी असेल, तर अ‍ॅपो-बी बघायचं आहे.
– एचबीए१सी करा. आशियाई वंशाच्या लोकांसाठी मधुमेहाची तपासणी बीएमआय २३ पासूनच सुचवलेली आहे.
– निर्णय अडला असेल, तर कॅल्शियम स्कॅनचा उपयोग होईल का?

आणि हे सगळं करताना रक्तदाब विसरू नका. तो रक्ताच्या नळीत येत नाही, पण गुन्हेगारांच्या यादीत तो फार वर आहे. शाकाहारी आहोत म्हणून निर्धास्तही राहू नका. ‘मसाला’च्याच माहितीवर मेघना गाडगीळ आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये आपल्या जेवणाचे नमुने तपासले. तळलेले पदार्थ, मिठाई आणि साईचं दूध-दही हा नमुना सर्वांत जास्त पाळणाऱ्यांमध्ये, तो सर्वांत कमी पाळणाऱ्यांच्या तुलनेत, इन्सुलिनचं काम जास्त बिघडलेलं आणि एचडीएल कमी होतं. चकली शाकाहारीच असते.

एक गोष्ट मात्र यांतल्या कुठल्याही चाचणीची वाट बघत नाही. छातीत दाब, घाम, दम लागणं, हात किंवा जबडा दुखणं असं काही जाणवलं, तर अ‍ॅप उघडून जुने आकडे बघत बसू नका, गाडी काढून स्वतः निघूही नका. ९११ लावा.

तुमचं एलपी (ए) जास्त निघालं, तर ते फक्त तुमचं नसतं. ते आईकडून किंवा वडिलांकडून आलेलं असतं, आणि तुमच्या प्रत्येक सख्ख्या भावंडाला आणि मुलाला ते मिळालेलं असण्याची शक्यता साधारण निम्मी. तेव्हा रविवारी घरी फोन कराल तेव्हा हवापाणी विचारून झाल्यावर भावाला एवढं सांगा: एकदा रक्त दे, एकच चाचणी आहे. तो कदाचित चाळिशीचा असेल, त्याला काहीच होत नसेल. हीच ती करायची वेळ आहे.